रामजी पोळांचं पान

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेली नाही, असं म्हटलं तर मला ओळखणारे लोक हसतील. माझ्या पोटात गोष्ट राहते? माझ्या? मी तो माणूस आहे, ज्याने स्वतःच्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनचं वर्णन इतकं रंगवलं की ऐकणाऱ्यांपैकी एकाच्या पोटात खरंच कळ उठली आणि त्याला रिक्षात घालून वाशीला न्यावं लागलं. (त्याने दुपारी बटाटेवडे जास्त हाणले होते. पण ते मी सांगत नसे. गोष्टीत वडे कशाला?)

तर असा मी. आणि तरीही ही एक आत राहिली. बायकोलासुद्धा माहीत नाही. तिला माझ्या सगळ्या थापा पाठ आहेत, कुठे श्वास घेतो तेसुद्धा पाठ आहे, पण ही नाही.

आणखी एक आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमची फसगत नको. सांगताना मला काही वाटत नाहीये. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात ना — मग गाल आपलाच असतो, पण बोट लावलं की दुसऱ्याचा वाटतो. तसं आहे. तिथे दुखायला हवं, हे मला कळतं. मी अधूनमधून बोट लावून बघतो.

नव्वदीतलं नेरूळ. रस्ते रुंद, झाडं गुडघ्याएवढी, आणि सगळीकडे ओल्या सिमेंटचा वास. मी वाशीच्या एका शाळेत इतिहास शिकवायचो, आणि संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या टाकीखालच्या कट्ट्यावर तोच इतिहास फुकट वाटायचो. शाळेत पोरं परीक्षेसाठी ऐकत. कट्ट्यावर माणसं आपणहून यायची. हा फरक, सांगतो तुम्हाला, दारूपेक्षा वाईट. एकदा त्याची चटक लागली की माणूस खऱ्यावर भागवत नाही.

आणि माझं हुकमी पान होतं पहिलं महायुद्ध. 'पहिल्या महायुद्धाची कारणे सविस्तर लिहा' — हा प्रश्न पोरांना छळतो, कारण पुस्तकात ती कारणं वाण्याच्या यादीसारखी लिहिलेली असतात. मी काय करायचो? मी म्हणायचो, हे बघा, युरोप म्हणजे आपली सोसायटी. पाणी एकच, विंगा दोन. ए विंगवाले आधी राहायला आले, त्यांनी अख्ख्या जगभर स्वतःच्या टाक्या बांधून ठेवल्या. बी विंगवाला उशिरा आला. त्याच्या नळाला करंगळीएवढी धार. तो म्हणतो, मी काय घोडं मारलंय? मलाही टाक्या पाहिजेत. तो काठ्या जमवायला लागला. हा काठ्या जमवतोय म्हणून त्याने जमवल्या, त्याने जमवल्या म्हणून याने आणखी जमवल्या. मग झाले करार. जोशांच्या अंगाला हात लावलात तर मी खाली उतरेन, म्हणाले शहा. शहांना लावलात तर मी, म्हणाले नायर. प्रत्येकाने दुसऱ्याच्या भांडणाची किल्ली आपल्या कनवटीला लावून घेतली! आणि मग एक दिवस मिरवणुकीत, तळमजल्यावरच्या एका कोपऱ्यातल्या भाडेकरूच्या पोराने एका खंगलेल्या, कर्जबाजारी, पण तोऱ्यात राहणाऱ्या म्हाताऱ्याच्या वारसाला गोळी घातली. झालं. सरायेव्हो. बघता बघता सगळ्या जिन्यांवर काठ्या. चार वर्षं. आणि शेवटी विचारलं की बाबांनो, भांडण कशावरून होतं? तर एकालाही नीट सांगता येईना.

लोक मांड्या थोपटून हसायचे. धर्मा पाटील तर हमखास. हा शेजारच्याच सारसोळ्याचा गडी. त्याच्या आज्याच्या भातखाचरांवर आमची सोसायटी उभी होती, आणि आता तोच आम्हाला टँकरचं पाणी विकायचा. तो एकदा हसता हसता म्हणाला, "मास्तर, टाकी कनाची, जमीन कनाची, आनि भांडतंय कोन!" त्यावर सगळे आणखी हसले. मी ते वाक्य ढापलं आणि पुढच्या आठवड्यात वर्गात स्वतःचं म्हणून वापरलं. बारीकसारीक चोऱ्या मी मोजत नाही.

कट्ट्याच्या टोकाला बयाआजी बसायची. पहिल्या मजल्यावरच्या सदाशिवची आई. सदाशिव तुर्भ्याच्या एका केमिकल कंपनीत होता, आजी साताऱ्याकडच्या एका माळरानावरच्या गावातून मुलाकडे राहायला आलेली. लसूण नाहीतर घेवडा घेऊन खाली यायची, सोलत बसायची. हसायची मात्र कधी नाही. मला वाटायचं, ही माझी खरी श्रोती. बाकीचे गमतीला येतात, ही ऐकायला येते.

एकदा तिने मान वर केली आणि विचारलं, "आन मास्तर, आपल्या लोकांचं त्यात काय भांडान हुतं?"

"आपले लोक म्हणजे वॉचमन, आजी," मी म्हणालो. "पगार ए विंगचा. चेअरमन म्हणाला, पळ, हाण त्यांना — वॉचमन पळाला."

हशा. आजीने मान हलवली. मग सोललेली पाकळी ताटलीत टाकून म्हणाली, "मग वॉचमनच्या घरी कळवत्यात का, तेचं काय झालं ते?"

मी ऐकलं. ऐकलं नाही असं म्हणणार नाही. पण माझी गाडी तोवर मेसोपोटेमियात शिरली होती. तिग्रिस नदीच्या वळणावर कूत नावाचं गाव, तिथे आपली पलटण अडकलेली, बाहेर तुर्क, आत भूक. घोडी मारून खायची वेळ आली, आणि आपल्यातल्या कितीतरी जणांनी घोड्याचं मांस तोंडात घातलं नाही. उपाशी राहिले. हे खरं आहे, पुस्तकात आहे. पण नुसत्या खऱ्यावर माझं कधी भागलंय? मी त्यात एक मराठा गडी घातला. त्याने घोडा कापायला नकार दिला, शेवटची भाकरी घोड्याला चारली, आणि त्या घोड्याने डोळ्यांतून पाणी काढून त्याला पाठीवर घेऊन एका ढांगेत तिग्रिस ओलांडली.

"मास्तर," धर्मा म्हणाला, "घोरा नदीवरशी उरला, तवा शेपूट तरी भिजली का?"

"टोकाला," मी म्हणालो. तो हशा मला आजही ऐकू येतो. वर्षभर पुरला मला.

आजी त्या गड्याचं नाव ऐकायला थांबली होती. हे मला पुष्कळ नंतर समजलं. ती कट्ट्यावर रोज येत होती ती एका नावासाठी. इतकी वर्षं ह्या लढाईबद्दल बोलणारा माणूस तिला भेटलाच नव्हता. भेटला, तो मी.

पितृपक्ष संपत आला होता, घट बसायचे होते. दुपारची वेळ. बायकोही शिक्षिकाच, ती अजून तिच्या शाळेतून यायची होती. बयाआजी दारात. सोफ्यावर बसली नाही, जमिनीवर बसली, आणि खणात बांधलेलं काहीतरी मांडीवर सोडलं.

एक तबकडी होती. वाटीवरच्या झाकणाएवढी, पण वजनाला दगड. त्यांच्या देव्हाऱ्यातली देवी, ती म्हणाली. आईपासून चालत आलेली. शेंदूर लावून लावून तिच्यावर चांगलं बोटभर पूट चढलं होतं, नवरात्रासाठी उजळायला घेतली तर शेंदराची अख्खी खोळच सुटली. आणि खाली अक्षरं निघाली. इंग्रजी. "सदाला न्हाई दावलं," ती म्हणाली. "तुमी वाचा."

मी तबकडी हातात घेतली.

बाई होती. उभी. डोक्याला मुकुटासारखं काही. हातात त्रिशूळ. शेजारी सिंह. कोणत्याही साताऱ्याच्या माणसाने हात जोडावेत अशीच. पण मला ती बाई ठाऊक होती. इंग्रजांच्या राज्याची बाई ती. त्यांच्या नाण्यांवर असायची, समुद्राच्या लाटांवर हुकूम चालवणारी. त्या लढाईत मेलेल्या प्रत्येक शिपायाच्या घरी सरकारने ही काशाची तबकडी पाठवली होती. मी तिच्याबद्दल वाचलं होतं. हातात कधी आली नव्हती. वीस वर्षं मी ते युद्ध शिकवत होतो, आणि त्या युद्धाचा पहिला तुकडा माझ्या हाताला लागला तो शेंदूर लागलेला.

कडेने गोल लिहिलं होतं : हा स्वातंत्र्यासाठी आणि मानासाठी मरण पावला. एका चौकोनात नाव होतं. रामजी पोळ.

बस. एवढंच. ना गाव, ना पलटण, ना कूत, ना बसरा. एक नाव आणि तो मेला.

"माझ्या बाचं नाव हाय का त्यात?" आजीने विचारलं.

"आहे," मी म्हणालो. "रामजी पोळ."

तिचा चेहरा — मी चेहऱ्यांचं वर्णन करण्यात पटाईत आहे, पण इथे जाऊ दे. तिने पदर सावरला. "आन पुढं?"

आता बघा. पुढे एक शब्द होता. तो म्हणायचा होता. का म्हटला नाही? मी स्वतःला हे इतक्या वेळा विचारलंय की प्रश्नच गुळगुळीत झालाय. दया आली? नाही हो. घाबरलो? तेही तेव्हा नाही. खरं सांगायचं तर — एका ओळीची गोष्ट मला सांगता येत नाही. समोर माझी सगळ्यात इमानी श्रोती बसलेली, तिचा बाप माझ्या हुकमी लढाईतला, आणि माझ्याकडे द्यायला काय? मेला? पंचाहत्तर वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला मी पदरची चार वर्षं जास्त दिली तर कुणाचं काय बिघडतं? मला वाटलं, मी भेट देतोय.

आणि मी सुटलो. म्हणालो, आजी, हा मोठा मान आहे, साहेबाच्या राजाने दिलेला. रामजी पोळांनी भर गोळीबारात एका जखमी गोऱ्या अधिकाऱ्याला खांद्यावर घेऊन तिग्रिस पोहून पार केली. (घोडा त्या दिवशी मोकळा नव्हता.) लढाई संपली तशी त्या अधिकाऱ्याने त्यांना सोडलंच नाही. बसऱ्याला खजुराच्या बागांवर मुकादम केलं. पांढरं घर, दारात नदी, हाताखाली माणसं. अरबसुद्धा त्यांना सलाम ठोकायचे.

"मग?" आजी म्हणाली.

"मग काय, सुखाने जगले."

"लई वर्सं?"

"भरपूर," मी म्हणालो. "भरपूर जगले."

"आन ही बाई?"

"देवीच आहे," मी म्हणालो.

तिने तबकडीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हंजी जिता हुता." तबकडी खणात गुंडाळली आणि उठली. उठताना तिने भिंतीला हात टेकला. मला वाटलं, भारावली.

खरंच वाटलं का? मी हे लिहितोय तरी मला नक्की सांगता येत नाही. वाटलं असं मी ठरवलं होतं.

एवढ्यावर थांबलो असतो तर ती एक थाप झाली असती. पण त्याच संध्याकाळी कट्टा भरला होता आणि माझ्याकडे कोरी करकरीत गोष्ट होती. ती सोसायटीतलीच! पहिल्या मजल्यावरच्या आजीचा बाप, बसऱ्याचा मुकादम! मी उभा राहून सांगितली. दुपारी ज्या बागा दहा एकर होत्या त्या संध्याकाळी नदीच्या दोन्ही काठांना पसरल्या. पांढऱ्या घराला गच्ची आली. गच्चीवर कारंजं आलं.

"म्हंजे आजीचे बापान तिकरं दुसरी केली!" धर्मा ओरडला.

आणि मी — हे लिहायलाच मी बसलोय — मी डोळा मारला. म्हणालो, "एकच का म्हणतोस?"

हशा उसळला. सगळ्यांना भाचे-पुतणे आठवले असतील आखातात गेलेले. मीही हसत होतो. हसताना जिन्याकडे पाहिलं. आजी शेवटच्या पायरीवर उभी होती, घेवड्याची ताटली हातात. तिच्यामागे सदाशिव, ऑफिसची बॅग खांद्याला. त्याने आईकडे बघितलं. आई वळली आणि वर गेली.

दुसऱ्या दिवशी, अमावास्येच्या सकाळी, आजी पुन्हा दारात. "मास्तर, सारसोळ्याच्या धक्क्यावर येता का माझ्यासंगं? मला वाट ठावं न्हाई." हातात तोच खण. मी चपला घातल्या.

वाटेत ती बोलली. मी आयुष्यात कुणाचं एवढं ऐकून घेतलं नव्हतं. वळणं येत होती, मी फक्त हाताने इकडे, तिकडे दाखवत होतो.

बाप पलटणीत गेला तेव्हा ती आईच्या पोटात. आई वेशीपर्यंत पोचवायला गेली होती. लढाई संपली, गावातले काही जण परत आले, रामजी आला नाही. मग कधीतरी चुलता तालुक्याहून ही तबकडी घेऊन आला. बरोबर कागद होता म्हणे. तो चुलत्याने वाचवून घेतला की नाही, कुणास ठाऊक. घरात काही बोलला नाही. लेकुरवाळी बाई. तिला कुणी सांगायचं? सांगायचं राहून गेलं. आईने तबकडीवरची बाई बघितली, सिंह बघितला, आणि म्हणाली, त्यांनी देवी धाडली. म्हणजे ते आहेत. देव्हाऱ्यात बसवली, शेंदूर लावला.

गाव म्हणायचं, रामजीनं तिकडं घर केलं. आलेले शिपाई बसऱ्याच्या बायकांच्या गोष्टी सांगायचे, त्यात लोक रामजीचं नाव घालायचे. बारा वर्षं उलटली, तसे भावकीतले आले : माणूस परतला नाही तर त्याचा पुतळा करून जाळायचा असतो, कुंकू पुसायचं असतं. आईने कोयता घेतला आणि दारात बसली. कुंकू लावतच म्हातारी झाली. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवेना. विधवा म्हणावं तर कपाळ भरलेलं, सवाशीण म्हणावं तर नवरा कुठाय? मेली तेव्हासुद्धा बाया खोळंबून राहिल्या, हिची ओटी भरायची का नाही. "मग म्याच भरली," बयाआजी म्हणाली. "मळवट म्याच भरला. आन तिच्या म्होरं शपत घेतली. जर का त्यो आमाला टाकून तिकडं जगला आसंल, तर त्याच्या नावानं पान वाढायची न्हाई. कवाच न्हाई."

घरच्यांना तिने सांगितलं होतं की बाप पटकीने गेला. उद्या घट बसणार होते, आणि त्याच दिवशी आजेपाडवा — आईच्या वडिलांना नातवाने पान वाढायचा दिवस. सदाशिव दरवर्षी विचारायचा, आई, आजोबांचं पान वाढूया का? ती म्हणायची, आमच्यात रीत न्हाई. अक्षरं निघाली तेव्हा तिला वाटलं होतं, यंदा वाढावं लागंल.

"मेल्याचं काय न्हाई वो मास्तर," ती म्हणाली. "मेला म्हनून आला न्हाई, तर त्यो माझा बा. जिता ऱ्हाऊन आला न्हाई, तर कोन? गावच्या बाया खरं बोलत हुत्या. माझी आईच येडी."

आता तुम्ही म्हणाल, इथे. इथे तरी. हो. मला पण कळत होतं की इथे. आम्ही कोळीवाड्यातून चालत होतो, दोऱ्यांवर बोंबील वाळत होते, एक म्हातारी वाकून बारीक कोलीम सुकायला पसरत होती, सगळं मला लख्ख दिसत होतं. वाक्य तयार होतं. आजी, मी खोटं बोललो, त्या तबकडीवर 'मेला' असंच लिहिलंय. यात काय अवघड आहे? चौथीतलं पोर म्हणेल. पण त्या वाक्याची सुरुवात 'मी खोटं बोललो'ने होत होती. आणि काल संध्याकाळी अख्खा कट्टा ऐकत होता. उद्या ही गोष्ट फिरली तर मी शाळेत कुठल्या तोंडाने —

बघा, किती लहान आहे. एवढंच होतं.

धक्क्याला भरती होती. धर्मा त्याच्या चुलतभावाच्या होडीत बसून काहीतरी ठोकत होता. आम्हाला बघून उभा राहिला. कालचा हशा त्याला आठवला असणार; त्याने आजीला हात देऊन पायरी उतरवली. आजीने खण सोडला. तबकडी उन्हात आली. शेंदूर पुरता निघालेला, बाई, सिंह, सगळं उघडं. नाव माझ्याकडे वळलेलं होतं. मला ते वाचता येत होतं. तिथे फक्त मलाच वाचता येत होतं.

"देवी आसंल," ती म्हणाली, "पन धाडली तेनंच. टाकून गेलेल्याची देवी घरात नगं." मग ती वाकली, तबकडी पाण्याला टेकवली, आणि तबकडीला — मला नव्हे — म्हणाली, "बा, ज्या घरी ऱ्हायलास त्याच घरी ऱ्हा."

धर्माने माझ्याकडे बघितलं. "मास्तर, आज जीब घरा ठेवून आलाव काय?"

मी नावाकडेच बघत राहिलो. आजीची बोटं सुटली.

खाडीचं पाणी गढूळ असतं. वस्तू बुडताना दिसत नाही.

परत येताना तिने मला विचारलं, ऊन लागलं का. मी म्हणालो, हो.

त्यानंतर ती कट्ट्यावर आली नाही. तिची सून माझ्या बायकोला म्हणाली, आत्यांनी यंदा घटापाशी नुसती सुपारी मांडली, आणि विचारलं तर खेकसल्या. मी कट्टा सोडला नाही. तुम्हाला वाटलं असेल सोडला असेल. नाही. थोडे दिवस आवाज बसला होता, मग सुटला. युद्धाची कारणं मी पुढेही शिकवली, विंगा आणि टाक्या घालून. पोरांना चांगले मार्क पडायचे. फक्त वॉचमन गाळला. तो घातला की पोरं कधीकधी विचारायची, सर, मग त्याचं काय झालं?

जिन्यात आजी भेटायची. "बरं हाय का, मास्तर?" म्हणायची. वर्षं गेली. मधे कितीतरी दिवस होते, रोज एक. रोज सांगता आलं असतं. तबकडी नव्हती तरी मी होतो. मी वाचलं होतं. एकदा तिच्या दारापर्यंत गेलो. सुनेने चहा केला. मी अपेंडिक्सची गोष्ट सांगितली. आजीसुद्धा थोडी हसली — पहिल्यांदा.

ती गेली तेव्हा दशक संपत आलं होतं. पुढच्या सर्वपित्रीला मी गच्चीवर टाकी बघायला म्हणून चढलो. सदाशिव कठड्याशी उभा होता, हात जोडून. पान वाढलेलं, वडा, खीर, घेवड्याची भाजी. खाडीकडून कावळे येत होते. मी पोचेपर्यंत एक कठड्यावर बसला, मान तिरकी करून पानाकडे पाहिलं, आणि सरळ चोच मारली.

सदाशिवच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघितलंत सर? लगेच शिवला. काही राहिलं नव्हतं आईचं."

"नाही," मी म्हणालो. "काही राहिलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी आजेपाडवा. सकाळी मी पुन्हा वर गेलो. कठडा मोकळा होता. पान नव्हतं. कावळे होते.